कोनशिलेवरची पोरं

माळवाडी
८ सप्टेंबर १९७४

फादर हुबर यांस, बाळासो पुकळेचा नमस्कार.

त्या एका सुट्टीचा खरा खर्च आज मांडून बघितला. माझी नववी गेली. मी मॅट्रिक झालो की गावजेवण घालायचं म्हणून आबांनी एक एडका राखला होता, तो म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला. बोर्डिंगच्या चुलीवर शिजलेली आमटी प्यायला कोणी उरलं नाही, ती बनुबाईनं मला शिव्या देत माळावर ओतली. आणि तुमचा खर्च असा झाला की, त्या दिवसापासून तुम्ही व्हरांड्यातून हाक मारली तरी पोरं आधी वळून बघायची, हाक मारणारे खरे फादरच आहेत ना म्हणून. एवढ्या खर्चात सबंध शाळेला एक दिवस सुट्टी मिळाली. मला ती अजूनही स्वस्त वाटते.

एवढ्यावरून ओळख पटली असेलच. सेंट अन्सेल्म हायस्कूलच्या पहिल्या तुकडीतला मी. प्रार्थनाघराच्या दाराआड उभा राहून, तुमच्या आवाजात, "पोरांनू, आज सुट्टी हाय, घरला जावा" असं म्हणणारा. पोरं तर गेलीच, दोन मास्तरही छत्री घेऊन गेले. तुम्ही मला फाटकाबाहेर काढलंत, ते आजतागायत मी त्या फाटकाच्या आत विद्यार्थी म्हणून पाऊल टाकलेलं नाही. पण फाटकासमोरच दुकान टाकलंय. पाटी आहे : अंजना लाऊडस्पीकर सर्व्हिस. लग्न, जत्रा, सभा, सगळीकडं माझे भोंगे. विट्यापासून आटपाडीपर्यंत कुठल्याही मांडवात "हॅलो, हॅलो" ऐकलंत तर ते माझंच असतं. कान अजून तसाच आहे. रस्त्यापलीकडून शाळेत पाढे चालले की कोण चुकलं आणि तो कुठल्या गावचा, हे मी दुकानात बसून सांगतो.

तुमचा पत्ता बनुबाईकडून घेतला. नाताळला तुम्ही स्वित्झर्लंडहून तिला कार्ड पाठवता. मला पाठवत नाही. असो.

कामाचं लिहितो. अंजना माझी थोरली मुलगी. या वर्षी सातवीत आहे. माळवाडीत मुलींची शाळा सातवीला संपते. पुढं विटं. सकाळी एसटी येते, संध्याकाळची आली तर आली. म्हणून इथल्या सगळ्या पोरी सातवीनंतर घरी बसतात, आणि घरी बसली की तिचं लग्न ठरतं. माझ्या दुकानासमोर, रस्ता ओलांडला की, एवढी मोठी शाळा उभी आहे. मी तुमच्या जागेवर आलेल्या लोपीस फादरांकडं गेलो. म्हटलं, पोरीला आठवीत घ्या.

ते म्हणाले, "बाळासो, शाळा मुलांची आहे. फॉर बॉईज. सगळ्या कागदांवर तसंच छापलेलं आहे."

मी म्हटलं, "कागद मागनं छापलं. आधी कोनशिला बसली. ती वाचा की." आणि त्यांना हाताला धरून पायरीजवळ नेलं. तुम्हाला आठवत असेल तुमचा दगड : *ही शाळा माळावरच्या पोरांची हाय. १९५०.* सांगलीहून आलेल्या साहेबांनी "हाय" खोडून "आहे" करा म्हणून किती डोकं खाल्लं, पण तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, "हितं सगळी हायच म्हणत्यात." तुम्ही मराठी शिकलात ती मेंढक्यांच्या पोरांकडून, आणि तीच खरी मराठी असं तुम्हाला वाटायचं. मलाही वाटतं.

लोपीस फादर वसईकडचे. भला माणूस, पण फार सावकाश. इकडं तिकडं बघून म्हणाले, "जरा हळू बोला हो. जून लांब आहे. आवाज थोडा लहान ठेवा."

फादर, माझा धंदाच आवाजाचा. तो लहान ठेवून मी काय खाऊ?

तेव्हा तुम्हाला एकच विचारतो. तो शब्द तुम्ही घातलात. पोरं म्हणजे कोण, हे तुम्ही लिहून पाठवा. तुमचं उत्तर मला आधीच माहीत आहे, फक्त ते तुमच्या हातचं पाहिजे. येत्या जूनला त्या शाळेच्या बाकावर बसणारी पहिली पोरगी माझी असेल. ही विनंती समजू नका, वर्दी समजा.

आपला,
बाळासो


माळवाडी
१७ नोव्हेंबर १९७४

फादर हुबर यांस,

हवाई पत्र पोचलं. एवढा मोठा निळा कागद आणि त्यावर एकच ओळ : "बाळासो, तू अजून माफी मागितली न्हाईस." अक्षर थरथरतंय, पण "न्हाईस" अगदी जागच्या जागी आहे. वाचून लय बरं वाटलं.

माफी मागणार नाही. का, तेही सांगतो. त्या आवाजावर मी जगलो. तुम्ही हाकलल्यावर आधी मेढ्याच्या जत्रेतल्या तंबू थेटरात तिकिटं फाडली, मग कोयनानगरला गेलो. धरणाचं काम जोरात होतं. सुरुंग लावायच्या आधी माणसं बाजूला करायला एक भोंगा होता, आणि त्यावर ओरडायला मला ठेवलं. मी ओरडायचो, "सुरुंग हाय, बाजूला व्हा!" कोणी हलायचं नाही. बिगारी विडी ओढत बसायचे. एक दिवस वैतागून तुमचा आवाज काढला, 'त'चा 'ट' करून. "बाळांनू, सुरुंग हाय! टळावर कोन बसलाय? ऊट!" अख्खा डोंगर उठला. मुकादमाला वाटलं गोरा साहेब आला. त्या दिवसापासून मी साहेबाच्याच आवाजात सुरुंग उडवले, आणि माझ्या पाळीत एकालाही खरचटलं नाही. आता सांगा, ह्या गोष्टीची माफी मागायची तर कुणाकडं मागू? त्या बिगाऱ्यांकडं?

तुमच्या शाळेनं मला काय दिलं ते मी नाकारत नाही. पहाटेची घंटा, थंड पाण्याची आंघोळ, न कळता पाठ केलेलं लॅटिन गाणं, बाजरीच्या भाकरीवर तुमच्या गावाहून डब्यात आलेलं पिवळं चीज, जे साबण समजून सयाजीनं अंगाला लावलं. आणि ते पुण्याचे नवे इंग्रजीचे मास्तर! पहिल्याच तासाला त्यांनी एकेकाला उभं केलं, "व्हॉट इज युवर फादर्स नेम?" आणि एकेक पोरगं छाती काढून सांगू लागलं, "फादर हुबर, सर!" सगळा वर्ग झाला, उत्तर बदललं नाही. मास्तर तोंडावर रुमाल धरून तुमच्या खोलीकडं पळाले. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मी खिडकीखालून ऐकलंय. म्हणालात, "चूक न्हाई. ऱ्हाऊ द्या."

तेव्हा बाप म्हणवून घेतलंत. आता बापासारखं उत्तर द्या. मी माफीचं विचारलं नव्हतं, शब्दाचं विचारलं होतं.

आणि तुम्ही विसरला असाल म्हणून आठवण करून देतो. शाळेचा पाया भरायचा होता तेव्हा गाडी-बैल मिळेनात. मेंढरांच्या वाड्यावरची आम्ही लहान माणसं ओढ्यातून दगड वाहायला आलो. माझी बहीण हरणा माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. ती डोक्यावर चुंबळ घेऊन दोन खेपा टाकायची तेव्हा माझी एक व्हायची. पहिल्या दिवशी तुम्ही मोटारसायकलवरून उतरलात. नवी नवी मराठी. हात पसरून आम्हाला विचारलंत, "टुमी कोन?"

गोरा माणूस बोलतो हेच नवल. हरणा तेवढी पुढं झाली आणि म्हणाली, "आमी व्हय? आमी पोरं."

तुम्ही खिशातनं वही काढून तो शब्द लिहून घेतलात. दोनदा म्हणून बघितलात. पोरं, पोरं. तो शब्द तुम्हाला हरणानं दिलाय, फादर. तिचाच तुम्ही दगडावर खोदलात.

शाळा उघडली त्या दिवशी ती पाटी-पेन्सिल घेऊन, केसाला तेल लावून, माझ्यासंगट फाटकापर्यंत आली होती. फाटकावर ब्रदर होते. त्यांनी मला आत घेतलं आणि तिला म्हणाले, "तू घरी जा, बाळ." ती गेली. मेंढरं तिच्याकडं आली, कारण मी शाळेत होतो. पुढं लग्न झालं, आता आटपाडीकडं असते. मी एकदा तिला विचारलं, "हरणे, तुला कवा राग न्हाई आला?" तर म्हणाली, "आला की. दगूड म्या व्हायलं अन् शाळा तू शिकलास. तीबी अर्धीच."

वाट बघतो.

बाळासो


माळवाडी
१२ जानेवारी १९७५

फादर हुबर यांस,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. चौथ्यांदा अंजनानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मला वाटलं माझ्या डोळ्यांची चूक असेल. चूक नव्हती. "मला खरे सांगितले पाहिजे. पोरं लिहिले तवा मला मुलगेच म्हणायचे व्हते. मुलींचा विचार डोक्यात आला न्हाई. हरणा मला आठवत न्हाई."

खरं लिहिलंत. गोड लिहिलं असतंत तर मला जास्त राग आला असता.

पण आता माझं ऐका. तुम्हाला काय म्हणायचं होतं, हा तुमचा प्रश्न. तुम्ही काय म्हणालात, हा आमचा. तुम्ही तो शब्द आपल्या गावाहून आणला नव्हता. आमच्याकडून घेतलात. घेतलेली वस्तू घरी नेऊन कापली, अर्धी ठेवली, अर्धी टाकली, असं चालत नाही. मेंढराचा कळप घेतला तर त्यात एडकेही आले आणि मेंढ्याही आल्या. ह्या माळावर पोरं म्हटलं की पोरगाही आला आणि पोरगीही आली. बाळंतिणीला विचारा, तलाठ्याला विचारा, कुणालाही विचारा. मराठी आमची आहे, फादर. तुम्ही पाहुणे म्हणून आलात, आम्ही ती तुम्हाला पोटभर वाढली. आता ताटात काय होतं हे आम्हाला सांगू नका.

कडक लिहितोय हे मला कळतंय. मऊ लिहून बघितलं, कागद फाडून टाकला.

दोन फेब्रुवारीला शाळेचा रौप्यमहोत्सव आहे. मांडव केरबाचा, भोंगे माझे. शाळा समितीचे अध्यक्ष आता हंबीरराव आहेत. पलटणीतून सुभेदार होऊन आलेत, खाली कालव्याकडं ऊस आहे. माणूस कडक. मला म्हणाले, "पुकळे, रूल म्हंजी रूल. दगडावर पोरं लिवलंय, पोरी न्हाई लिवलं. पलटणीत असला वाद घातला असतास तर पाठीवर पिट्टू घालून पळवला असता." मी म्हटलं, "सुभेदार, पलटणीत बायका न्हाईत म्हणून तर तुमी रिटायर होऊन आला." ते हसले नाहीत. बाकी सगळे हसले.

त्या दिवशी त्यांनी मांडवात जाहीर करायचं ठरवलंय की शाळा पहिल्यापासून मुलांची होती आणि मुलांचीच राहील, म्हणजे हा विषय कायमचा मिटेल. मिटला तर अंजनाचं शिक्षण एप्रिलमध्ये संपलं. तिच्या आईच्या माहेरून एक स्थळ आत्ताच विचारून गेलंय. पोरगी बारा वर्षांची आहे.

सयाजी, तोच साबणवाला, हल्ली एसटीत कंडक्टर आहे. तो म्हणतो, "बाळ्या, कशाला पत्रं लिवतोस? तुझ्या नरड्यात फादर बसलाय. भोंग्यावर त्येंच्याच आवाजात सांगून टाक, फादरनं टेपवर निरोप धाडलाय म्हणून. कोण जातंय तपासायला?" गंमत म्हणून बोलला, पण खरं आहे. मला येतं. माझ्यापेक्षा तुमचा आवाज तुम्हाला स्वतःलाही येत नसेल आता.

तेव्हा विचार करा. दोन तारखेला तुम्ही त्या मांडवात असणार आहात, आलात तरी आणि नाही आलात तरी.

बाळासो


माळवाडी
४ फेब्रुवारी १९७५

फादर,

आज सगळं खरं लिहितो, कारण उद्या तुम्हाला दुसरं कोणी खोटं लिहील.

मांडव भरला होता. पुढं पाहुणे, डावीकडं बाया, मागं पहिल्या तुकडीपासूनची पोरं, पोटं सुटलेली. भोंगे चारी दिशांना बांधलेले. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी माईकची उंची लावायला स्टेजवर गेलो. हंबीरराव खुर्चीत, छातीवर पदकं, हातात भाषणाचा कागद.

मी म्हटलं, "सुभेदार, आवाज बघायचाय. दोन शब्द बोला."

"काय बोलू?"

"कायबी. घरचं सांगा. पोरं किती तुमाला?"

"चार. देवाच्या दयेनं चारी बरी हायती."

"अन् त्यात पोरगा?"

"पोरगा येकच की. बाकी तीन पो..."

तिथं ते थांबले. पण चारी दिशांनी गेलं होतं. बायांच्या बाजूनं एक आवाज आला, "सुभेदार, तुमच्या मोजणीत तीन जास्त झाली वं!" आणि जे हसू उसळलं, ते ओढ्यापलीकडं ऐकू गेलं असेल. हंबीरराव उठून म्हणाले, "बंद कर रं त्यो भोंगा!" हेही भोंग्यावरूनच गेलं.

मी तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं, कारण डाव माझा झाला होता. पण मागून सयाजी ओरडला, "बाळ्या, हुबर फादरचं पत्र आलंय म्हणं! वाच की!" आणि सगळा मांडव "वाच, वाच" करू लागला.

पत्र माझ्या खिशात होतं. सयाजी मला डोळे मिचकावत होता. मला ठाऊक होतं त्याला काय पाहिजे. फादर, मी तुमच्या आवाजात वाचलं. हो, तुमच्याच आवाजात, दुसऱ्या आवाजात ते वाचताच येत नाही. पण शब्द एकही बदलला नाही. मुलगेच म्हणायचे व्हते. मुलींचा विचार डोक्यात आला न्हाई. हरणा मला आठवत न्हाई.

हंबीरराव खाली बसले. जिंकल्याचं तोंड त्यांनाही करता आलं नाही.

हरणा आली होती. मीच बोलावली होती, पण पत्रात तिचं नाव आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. ती बायांतून उभी राहिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खांबावरच्या भोंग्याकडं तोंड करून म्हणाली, "फादर, मी हरणा. तुमी इचारलं व्हतं, तुमी कोण म्हणून. म्या सांगितलं, आमी पोरं. तवा तुमी व्हय म्हणाला, लिवून घ्येतलं. आता न्हाई का म्हंताय?"

ती मला मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. भोंग्यामागं कोण आहे हे तिला माहीत नव्हतं असं समजू नका. तरी ती तुमच्याशीच बोलली, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"व्हय, पोरी" एवढं म्हणायला मला एक श्वास लागला असता. तुमच्या आवाजात. सगळा मांडव त्या श्वासाची वाट बघत होता. मी माईक बंद केला. ते उत्तर माझ्याकडं नाही. ज्याला विचारलंय त्यानं द्यावं.

कार्यक्रम पुढं कसाबसा झाला. हंबीररावांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला, तो वाचलाच नाही. समिती एप्रिलमध्ये बसून ठरवेल म्हणाले. म्हणजे विषय मिटला नाही. तेवढं मी मिळवलं.

लोपीस फादर मात्र खूश दिसले नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, "बाळासो, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त लांब ऐकू जातं. आता तरी आवाज लहान करा." आणि बनुबाई! म्हातारी झाली तरी बोर्डिंगच्या चुलीवरच आहे. पळी घेऊन माझ्या अंगावर आली. "मुडद्या, तुझा भोंगा मोडून चुलीत घालीन. उद्या साहेब लोक येतील, वर्ग वर्ग हुडकतील, मंग?"

मी म्हटलं, "मंग काय, मावशे?"

"मंग तुझं कपाळ," म्हणाली आणि गेली. वीस वर्षांपूर्वीची आमटी अजून तिच्या डोक्यातून गेलेली दिसत नाही.

बाळासो


माळवाडी
२७ एप्रिल १९७५

फादर हुबर यांस, सप्रेम नमस्कार.

जिंकलो.

तुमची तार समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी पोचली. त्याआधी ती कुठं होती ते ऐका. इंग्रजी अक्षरांत तुम्ही मराठी लिहिलंत : पोरं म्हंजे सगळी. हरणा बरोबर. हुबर. आमच्या पोस्टमास्तरांनी "सगळी" वाचलं ते "सांगली". म्हणाले, परदेशाची तार, गाव सांगली, चुकून इकडं आली. आणि मोठ्या जबाबदारीनं पुढं सांगलीला धाडली. तिथं कुणी "पोरा म्हंजे" नावाच्या माणसाचा आठवडाभर तपास केला. सापडला नाही, तेव्हा तार परत आली. पोस्टमास्तर माझ्या दुकानात येऊन विचारतात, "बाळासो, ह्यो पोरा कोण?"

मी दुकानातच खाली बसलो, फादर. हसत होतो, पण लोकांना वेगळं वाटलं असेल.

बैठकीत लोपीस फादरांनी तार वाचली. हंबीररावांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "दगूड ज्येनं लावला त्येनंच अर्थ सांगितला, मंग आमी कोण?" आणि पहिला हात त्यांनी वर केला. मला नंतर कळलं, दोन फेब्रुवारीपासून घरात तीन लेकी आणि त्यांची आई त्यांना "आमी मोजणीत हाय का न्हाई" असं विचारूनच जेवायला वाढत होत्या.

तर असं झालं. एका शब्दावर मी तुमच्या शाळेचं फाटक उघडलं. पंचवीस वर्षं जे कुणाला जमलं नाही ते एका शाळेतून काढून टाकलेल्या मेंढक्याच्या पोरानं भोंगा लावून केलं. गावात लोक मला "पोरंवाले" म्हणायला लागलेत, आणि मी त्यांना म्हणू देतो. त्या स्थळाला मी कळवलं की पोरगी शिकतेय, दहा वर्षांनी या. हरणाला तार वाचून दाखवायला आटपाडीला गेलो. तिनं ती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. म्हटलं, "अगं, ती समितीची हाय." म्हणाली, "नाव माझं हाय त्येच्यावर."

माफीचं तुम्ही या वेळी विचारलं नाहीत. मीही मागत नाही. तुम्हीही हरणाची मागू नका, ती घेणार नाही. तिला उत्तर पाहिजे होतं, ते मिळालं.

जूनला अंजनाला घेऊन मी स्वतः जाणार. फाटकावर दोन भोंगे लावणार आहे. सेंट अन्सेल्मच्या बाकावर पहिली पोरगी बसली, हे माळावरच्या प्रत्येक वाडीला कळलं पाहिजे.

आपला,
बाळासो


माळवाडी
१७ जून १९७५

फादर हुबर यांस,

काल शाळा उघडली. भोंगे लावायला पहाटेच गेलो होतो. लोपीस फादर पायरीवर उभे होते. म्हणाले, "आता लावा, काही हरकत नाही. पण लावायच्या आधी आत या."

अंजनाला आठवीच्या वर्गात पोचवलं. तिनं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही, दप्तर ठेवून सरळ पुढच्या बाकावर बसली. मग फादर मला शेजारी नववीच्या दारात घेऊन गेले. हजेरी चालली होती. स्वयंपाकघराकडच्या दाराजवळ, शेवटच्या बाकावर, दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती.

मी विचारलं, "ही कोण?"

"बनुबाईची नात, मार्था. मिरजेला हिची आई वारली, तेव्हापासून आजीजवळ असते. बनुबाई मला म्हणाली, पोरीला कुठं ठेवू? मी म्हटलं, बसव वर्गात. मागं बस, साहेब आले तर स्वयंपाकघरात जा, आणि वर्गात मोठ्यानं बोलू नकोस. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. वर्गातली पोरंही कधी बाहेर बोलली नाहीत. तुमच्या ठरावानंतर आता तिचं नाव पटावर चढवलंय."

"कधीपासून बसते?"

"मागच्या जूनपासून."

म्हणजे मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती रस्त्यापलीकडं आत बसलेली होती. मी भोंगे न लावताच परत गाडीत ठेवले.

मार्था आठवी पास झाली आहे. वर्गात दुसरी आली.

बाळासो